आबांचं मराठी, माझं इंग्रजी

या प्रसंगाबद्दल मी आजवर इतका गप्प राहिलोय, की तो सांगायचा तर मराठीत सांगायचा की इंग्रजीत, हेसुद्धा लिहायला बसल्यावर ठरेना. मराठीत सांगतो. का, ते पुढे कळेलच.

तुम्ही मला ओळखत असाल तर म्हणाल, हा आणि गप्प? बरोबर आहे. फजिती सांगणं हा माझा जोडधंदा आहे. आमच्याकडे ॲथलोनला चार मराठी घरं जेवायला जमली की कुणीतरी म्हणतंच, अरे, तो कपाटाचा किस्सा सांग. मग मी सांगतो — आयर्लंडमधल्या पहिल्या सकाळी घरमालकीण म्हणाली की चहा प्रेसमध्ये ठेवलाय, आणि मी चहासाठी घरभर इस्त्री शोधत फिरलो. इथे प्रेस म्हणजे कपाट. लोक हसतात. मी त्यात थोडं तिखटमीठही लावतो. स्वतःवर हसणारा माणूस लोकांना मोकळा वाटतो, नाही का? ज्याने स्वतःचं एवढं सगळं सांगितलं, त्याच्याकडे लपवायला काय उरणार — असं त्यांना वाटतं. ते तसं वाटावं म्हणूनच मी सांगत असेन का? हा प्रश्न मी स्वतःला फार वेळा विचारत नाही.

तर माझी ओळख. पुण्यात मी पॉलिटेक्निकला शिकवायचो. इलेक्ट्रिकल, पहिलं वर्ष. ओहमचा नियम. फळ्यावर तो त्रिकोण काढायचा, वर व्होल्टेज, खाली करंट आणि रेझिस्टन्स, आणि मागच्या बाकावरच्या पोरांना ओरडून सांगायचं — रोध कमी झाला की प्रवाह वाढतो, एवढं एक वाक्य घेऊन घरी जा. रेवतीला इथल्या टेलिकॉम कंपनीत नोकरी लागली आणि मी तिचा अवलंबित म्हणून आलो. व्हिसाच्या कागदावर हाच शब्द असतो. काही दिवस मी घरी पोळ्या शिकलो. मग एक छोटं दुकान टाकलं. पुढच्या अर्ध्यात मोबाइल दुरुस्ती, मागच्या अर्ध्यात व्हेप.

व्हेप म्हणजे काय, हे आपल्याकडच्या लोकांना सांगताना मी देवासमोरच्या वातीचं उदाहरण द्यायचो. आत तारेचं एक बारीक वेटोळं असतं, त्याला कॉइल म्हणतात. त्यात कापूस असतो, कापूस द्राव शोषतो. बटण दाबलं की तार तापते, द्रावाची वाफ होते, ती ओढायची. सगळी गंमत त्या तारेच्या रोधात. रोध जास्त असेल, एका ओहमच्या वर, तर वाफ थोडी आणि निवांत येते. ती सिगरेटसारखी आधी तोंडात घ्यायची. त्यात निकोटीन कडक घातलं तरी चालतं, कारण एका झुरक्यात जातं किती, तर चिमूटभर. रोध कमी असेल, अर्ध्या ओहमच्याही खाली, तर करंट धो-धो वाहतो, तार लालबुंद होते आणि ढग निघतो. तो थेट छातीत घ्यायचा असतो. म्हणून त्यात द्राव अगदी सौम्य लागतो. कडक द्राव त्यात घालायचा नाही. कधीच नाही. हे मी गिऱ्हाइकांना दिवसातून कितीदा तरी बजावायचो, तेही मास्तरी आवाजात.

म्हणजे मला माहीत नव्हतं, असं म्हणायची सोय मला नाही.

आबा म्हणजे माझे सासरे. साताऱ्याचे. सगळी नोकरी एसटीत ड्रायव्हर म्हणून केली, घाटात गाडी घालणारा माणूस. सासूबाई गेल्या त्या वर्षी रेवतीने त्यांना उन्हाळ्यासाठी इकडे बोलावून घेतलं. सडपातळ, काटक, सत्तरीच्या जवळ आलेले. साताऱ्यात असताना रोज पहाटे अजिंक्यताऱ्यावर जाणार. सातारकर त्याला नुसतं किल्ला म्हणतात. चढताना बोलत चढणार आणि वर पोचल्यावर मागे राहिलेल्या पोरांना शिव्या घालणार. इथे किल्ला नाही, सगळं सपाट. मग ते शॅनन नदीच्या काठाने चालायचे आणि परत येऊन म्हणायचे, "पाय कुठं वापरलंच न्हाईत आज."

त्यांना एकच व्यसन, तंबाखू. रेवतीने विमानतळावरच त्यांच्याकडून सोडायचं वचन घेतलं होतं. त्यांनी ते दिलं आणि बॅगेच्या अस्तरात पुड्या लपवून आणल्या. हे मला ठाऊक होतं, तिला नव्हतं. त्या पुड्या संपल्या तेव्हा आबा घरात पिंजऱ्यातल्यासारखे फिरायला लागले.

आणि माझ्या दुकानाबद्दल त्यांचं मत? ते त्यांनी मला कधी तोंडावर सांगितलं नाही. पण साताऱ्याला भावाशी फोनवर बोलताना मी ऐकलं होतं. पलीकडून बहुधा विचारलं असेल, जावई काय करतोय. आबा म्हणाले, "हाय की. धूर इकतोय."

हे लागलं मला. आज मागे वळून पाहिलं की दिसतं, पुढचं सगळं या दोन शब्दांपासून सुरू झालं. पण मग वाटतं, आबांचे शब्द कशाला मध्ये आणू? त्यांनी काही चुकीचं म्हटलं नव्हतं.

शनिवार होता. रेवती मराठी मंडळाच्या गणपतीच्या बैठकीसाठी डब्लिनला गेली होती. मी आबांना आणि आमच्या ईराला दुकानात घेऊन आलो होतो. ईरा तेव्हा सात वर्षांची. एका कोपऱ्यात चित्रं रंगवत बसली होती. आबा काउंटरपाशी उभे, हाताला चाळा नाही, तोंडात काही नाही. मला त्यांची दया आली — असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आलोय. दया थोडी होतीही. त्याहून जास्त हे होतं, की माझा माल किती शास्त्रीय असतो ते एकदा त्यांना दाखवावं.

आधी बारीक पेनासारखं यंत्र दिलं. जास्त रोधाची कॉइल, कडक द्राव, अगदी नियमाप्रमाणे. त्यांनी दोन झुरके घेतले आणि ते परत केलं. "ह्यात काय न्हाय, जावईबापू. भाताच्या वाफंला जास्त चव असती."

तिथे थांबायला हवं होतं.

मी काचेच्या कपाटातून शोभेचं मोठं यंत्र काढलं. पोरं ढगांच्या स्पर्धा लावतात तसलं. कॉइल शून्य पूर्णांक दोन दशांश ओहमची. त्यात सौम्य द्राव होता, पण सौम्य द्रावाने आबांचं काय होणार? मी तो ओतून टाकला आणि पेनातला कडक द्राव त्यात भरला. भरताना हात थबकला होता, हे मला नक्की आठवतं. आणि मनात आलेलं वाक्यही आठवतं — दोन झुरक्यांनी काय होतंय. वर मी त्यांना शिकवलं, की तोंडात धरू नका आबा, सरळ छातीत ओढा. रोज किल्ला चढणाऱ्या माणसाच्या छातीला मी हे शिकवलं.

दुकान पांढरं झालं. ईराने टाळ्या वाजवल्या. आबा त्या ढगातून बाहेर आले आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "ह्ये हाय की." मला इतकं बरं वाटलं, इतकं, की एक बाई फुटक्या पडद्याचा फोन घेऊन आल्या तेव्हा मी त्यांच्याकडे वळलो आणि आबांच्या हातात ते यंत्र तसंच राहू दिलं. मागे फुसफुस आवाज येत होता. मी मोजलं नाही. बाईंना काचेचं आणि खालच्या पडद्याचं अंतर समजावत होतो. बाईंचं लक्ष माझ्या खांद्याच्या मागे गेलं आणि त्या हळूच म्हणाल्या, युअर मॅन बरा दिसत नाही. इथे कुणाही माणसाकडे बोट दाखवायचं तर युअर मॅन म्हणतात. मला वाटलं, रस्त्यावरच्या कुणाबद्दल बोलताहेत.

आबा खाली बसले होते. तोंड राखेसारखं. कपाळावरून घाम निथळत होता आणि हात लावला तर गार. ओकारी झाली. मग ते माझ्याकडे बघू लागले, पण नजर माझ्यावर ठरेना. छातीवर हात ठेवला तर आत काहीतरी कसंही धावत होतं, मध्येच थांबत होतं, परत धावत होतं. मी तसा भित्रा माणूस आहे, पण तोवर जी भीती म्हणून ओळखत होतो ती भीती नव्हतीच. हे वेगळं होतं. कानात काही ऐकू येत नव्हतं आणि तोंडात तांब्याच्या नाण्यासारखी चव आली होती.

बाईंनी फोन करून ॲम्ब्युलन्स बोलावली. बाईच त्यांच्याजवळ बसल्या, त्यांचा हात धरून. आणि मी? मी यंत्र उचललं, मागच्या मोरीत गेलो आणि त्याची द्रावाची टाकी धुतली. साबण लावून. आबा जमिनीवर होते आणि मी टाकी धूत होतो. कॉइल काढून कागदात गुंडाळली आणि कचऱ्यात खाली दाबली. हे करताना मी काही विचार करत होतो असं आठवत नाही. हात आपोआप चालले होते. म्हणूनच मला माझ्या हातांची भीती वाटते.

एवढं सांगितलं तर मोकळं वाटेल, असं वाटलं होतं. वाटत नाहीये. कारण जे सांगायचंय ते अजून आलेलं नाही.

हॉस्पिटलात एक तरुण डॉक्टर बाई होत्या, शांत, चेहऱ्यावर तपकिरी ठिपके असलेल्या. आबांना छातीला तारा लावल्या होत्या. तोवर ते बोलू लागले होते, आवाज खोल गेलेला पण शब्द स्पष्ट. डॉक्टर मला म्हणाल्या, यांना इंग्रजी येत नाही ना, मग तुम्ही सांगाल का? मी मान हलवली. त्यांनी विचारलं, त्रास सुरू व्हायच्या आधी काय करत होते, काही खाल्लं, प्यायलं, ओढलं का. मी मराठीत विचारलं, जसंच्या तसं.

आबांनी सगळं सांगितलं. एसटीचा ड्रायव्हर अपघाताचा जबाब देतो तसं, काही न लपवता. "दुकानातलं ते धुराचं यंत्र वडलं. जावयानं दिलं, पण मीच जास्त वडलं. धा-बारा झुरकं झालं आसतील. मग गरगराय लागलं. ह्ये सांगा त्यास्नी."

सांगा त्यास्नी, म्हणाले.

मी डॉक्टरांकडे वळलो आणि इंग्रजीत सांगितलं: ते म्हणतात, दुकानात नुसते उभे होते आणि अचानक चक्कर आली.

हे ते वाक्य. इतकी वर्षं ते मी कुठल्याही भाषेत पुन्हा उच्चारलेलं नाही.

डॉक्टरांनी पुन्हा विचारलं, नक्की ना, काही घेतलेलं नाही? मी आबांना काहीच न विचारता म्हणालो, नाही. आबा समाधानाने मान हलवत होते. त्यांना वाटलं, आपलं म्हणणं पोचतंय.

कशाला घाबरलो होतो? रेवतीला. दुकानाला टाळं लागेल, याला. पोलिसांना, व्हिसाला, आबांना काही झालंच तर माझं काय होईल याला. यादी मोठी होती आणि त्या यादीत आबा सगळ्यात खाली होते. त्या खोलीत एक माणूस मरेल की काय अशी शंका होती, आणि मी जिवाला घाबरलो होतो तो माझ्या.

पडद्याजवळच्या खुर्चीवर ईरा बसली होती. आमची पोरं मराठी बोलत नाहीत, उत्तरं सगळी आयरिश इंग्रजीत. पण समजतं त्यांना सगळं. दोन्ही वाक्यं तिने ऐकली. बाहेर आल्यावर तिने माझी बाही ओढून इंग्रजीत विचारलं, बाबा, आजोबांनी धुराबद्दल सांगितलं होतं ना? मी म्हणालो, ते मोठ्यांच्या इंग्रजीत सांगितलं, तुला कळलं नसेल. ती बरं म्हणाली. सात वर्षांची मुलगी, जिचं इंग्रजी माझ्यापेक्षा चांगलं होतं.

तारांच्या आलेखात काहीतरी अनियमित होतं. असणारच. निकोटीनचं कुणाला काही माहीत नसल्यावर ते हृदयाच्या खात्यात जाणार. वय, घाम, उलटी, ठोके, सगळं जुळलं. रात्रभर ठेवून घेतलं, गोळ्या दिल्या, घरी गेल्यावर हृदयाच्या डॉक्टरांना दाखवा म्हणाले. संध्याकाळी रेवती धावत आली आणि वडिलांच्या पायाशी बसून रडली. आबांनी मला डोळ्यांनीच खुणावलं — यंत्राचं हिला नको बोलूया. तंबाखूचं वचन मोडल्याची लाज वाटत होती त्यांना. नंतर मला एकटं गाठून म्हणाले, "डाक्टरला सांगितलं ना मी समदं? तरीबी ती हृदयच म्हनतीया. म्हंजी हृदयच."

लक्षात आलं तुमच्या? खरं बोलल्याची त्यांना खात्री होती. आपलं खरं ऐकूनही डॉक्टरने निदान केलंय, म्हणून त्यांचा त्या निदानावर पूर्ण विश्वास बसला. शंकेला मी जागाच ठेवली नव्हती.

आबा साताऱ्याला परत गेले आणि त्यांनी किल्ला बंद केला. पलंग वरच्या खोलीतून खाली आणला. शर्टाच्या खिशात जिभेखाली ठेवायची गोळी आली. त्यांना हसताना मी पाहिलंय, पण ते हसता हसता मध्येच थांबतात आणि छातीवर हात ठेवून आत काय चाललंय ते ऐकतात. आमचा धाकटा झाला तेव्हा रेवतीने कितीदा विनवलं, पण विमान त्यांच्या हृदयाला झेपणार नाही म्हणून आले नाहीत. साताऱ्याच्या डॉक्टरांनी मनगटातून तार घालून शिरा तपासल्या. सगळ्या मोकळ्या निघाल्या. रेवती मला फोनवर म्हणाली, "मग तेव्हा झालं काय होतं रे?" मी डब्लिनजवळ लिक्सलिपला एका मित्राकडे चाललो होतो. गाडी बाजूला घेतली. म्हणालो, "काय माहीत. इथल्या मशीनवर दिसलं होतं ना." त्यावर आबांचंही तेच म्हणणं पडलं. मशीन खोटं बोलत नाही.

दर वेळी साताऱ्याचा नंबर फोनवर दिसला की मी तो लगेच उचलत नाही. दोन भीती एकदम येतात. एक, की काहीतरी झालं. दुसरी, की कुणालातरी कळलं. पहिली कुठली आणि दुसरी कुठली, हे आता मला वेगळं करता येत नाही.

मागच्या डिसेंबरात आम्ही सगळे साताऱ्याला गेलो होतो. ईरा आता चौदाची. सकाळी उन्हं आल्यावर आम्ही किल्ल्याच्या रस्त्याला लागलो. आबा पायथ्याच्या पहिल्या वळणापर्यंत येऊन थांबणार, असं ठरलं होतं. वळण आलं. ईरा त्यांचा हात धरून आपल्या त्या उच्चारांत म्हणाली, "कम ऑन आजोबा, यू'र ग्रँड." आयर्लंडात ग्रँड म्हणजे ठणठणीत. आबांना शब्द कळले नाहीत, हात कळला. त्यांनी वर बघितलं. रस्ता रिकामा होता, मऊ ऊन होतं. ते एक वळण चढले. दुसरं चढले. बोलत होते, ईराला कुठल्यातरी जुन्या घाटाबद्दल सांगत होते आणि त्यांचा श्वास लागत नव्हता. रेवती माझ्याकडे बघून हसली. ईरानेही मागे वळून माझ्याकडे बघितलं. ती हसली नाही, नुसतं बघितलं. तिला काय आठवतंय, मला माहीत नाही. विचारायचं धाडस नाही.

आणि मला भीती वाटली. आबा चढतील. दम न लागता वर पोचतील. आणि वर पोचल्यावर, किल्ल्याच्या दरवाजातून खाली बघत, कधीतरी म्हणतील — मग तेव्हा झालं काय होतं?

मी पुढे गेलो आणि त्यांचा खांदा धरला. म्हणालो, "आबा, बास. हृदय आहे ते. खेळ नाही."

कुणी मला विचारलं नव्हतं. यावेळी डॉक्टर नव्हते, इंग्रजी नव्हतं, मी मराठीतच बोललो.

आबा थांबले. छातीवर हात गेला. चेहऱ्यावरचं ऊन तसंच होतं, पण त्याखालचा माणूस विझला. "व्हय, व्हय," म्हणाले, "बरं झालं धरलंत." ते कठड्यावर बसले, खिशातून गोळी काढली आणि डोळे मिटून जिभेखाली ठेवली. रेवती आणि मुलं वर गेली. त्यांना त्या गोळीची गरज नव्हती, हे मला माहीत होतं. मी त्यांच्याशेजारी बसून राहिलो आणि ती विरघळेपर्यंत त्यांचा हात धरून ठेवला.